तेराव्या पट्टीतली हाक

‘बिनतारी’ हा शब्द मी लहानपणी प्रथम ऐकला तो पोस्टमास्तरांच्या तोंडून. आमच्या घरी ट्रान्झिस्टर आला, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा म्हणजे पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दर वर्षी पैसे भरून तो नवा करून घ्यावा लागे. परवान्याचे ते लहानसे पुस्तक वडील देवघराच्या फळीवर, शेतीच्या कागदपत्रांशेजारी ठेवीत. आमच्या आजीला हा सारा प्रकार मुळीच पटत नसे. “हवेतून येते ते गाणं. त्याचे पैसे सरकारले काहून द्यायचे? वारा का सरकारचा हाय?” असे ती विचारी. वडील शांतपणे म्हणत, “वारा सरकारचा नाही. पण वाऱ्यावर कोणी कोठे बोलायचे याचा हिशेब कोणीतरी ठेवलाच पाहिजे. नाहीतर सगळेच एकदम ओरडतील आणि ऐकू कोणालाच काही येणार नाही.”

आज आजी नाही आणि वडीलही नाहीत. रेडिओचा तो परवाना 1980 च्या दशकात सरकारने काढून टाकला. पुढे 2013 च्या जुलैत देशातली तारसेवाही बंद झाली. म्हणजे तार गेली आणि बिनतारी तेवढे उरले! परंतु वडिलांचे ते वाक्य मात्र माझ्या मनात कोठेतरी पडून होते, आणि 2025 च्या दिवाळीत ते असे काही उपयोगी पडले की, वाचकहो, ती हकीकत तुम्हांला सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आमचे आसगाव भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात आहे. वैनगंगेच्या अंगाचा हा मुलूख धानाचा. दिवाळीच्या सुमारास हलका धान कापणीला आलेला असतो आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. पुण्यामुंबईच्या वाचकांना येथे सांगितले पाहिजे की, आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. मंडई म्हणजे गावाची जत्रा. दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. शहरात नोकरीला गेलेला मुलगा, सासरी गेलेली लेक, कामासाठी परगावी राहणारे भाऊबंद, सारे मंडईला गावी परततात. वर्षभर ओस वाटणाऱ्या घरांत त्या दोन-चार दिवसांत पाय ठेवायला जागा नसते.

आमचा मुलगा मात्र मंडईला येऊ शकेल एवढ्या अंतरावर राहिलेला नाही. तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असतो. दोन-तीन वर्षांतून एकदा उन्हाळ्यात येतो, आंबे खातो, उकाड्याला नावे ठेवतो आणि जातो. एरवी फोन असतोच. पण फोन आला की बोलायचो मी, आणि नंतर सौभाग्यवतींना सारांश सांगायचो. कारण गेल्या काही वर्षांत त्यांचे कान फारच मंद झाले आहेत.

कानाला लावायचे यंत्र त्यांच्याजवळ आहे. समोरासमोरचे बोलणे त्यावर बऱ्यापैकी निभते. परंतु फोनमधला आवाज त्यांच्या कानात शिरताच त्याचा नुसता खळखळाट होतो. मग हळूहळू त्यांनी स्वतःच एक विद्या कमावली. समोरच्याचे ओठ वाचण्याची. ही विद्या त्यांना कोणी शिकवली नाही. एके दिवशी माझ्या ध्यानात आले की मी पाठमोरा बोललो की त्यांना काही कळत नाही, आणि तोंड समोर केले की सगळे कळते. कित्येकदा मी न बोललेलेही कळते! या विद्येलाही काही अडचणी आहेत. प, ब आणि म ही अक्षरे ओठांवर अगदी सारखी दिसतात. ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ या तिन्हींत ओठ तसेच मिटतात आणि तसेच उघडतात. तेव्हा बोलणाऱ्याचा चेहरा, डोळे, भुवया या सगळ्यांवरून अर्थ लावावा लागतो. त्यासाठी चेहरा चांगला मोठा आणि स्पष्ट दिसला पाहिजे. फोनच्या त्या तळहाताएवढ्या काचेवर मुलाचे ओठ दिसणार ते केवढे! त्यातून आमच्या घराच्या भिंती मातीच्या, दोन-दोन फूट जाडीच्या. टॉवरचा संदेश विहिरीच्या ओट्यापर्यंत येतो, पण घरात शिरताना अडखळतो. चित्र मध्येच थिजते आणि मुलाचे तोंड उघडे ते उघडेच राहते. उघड्या तोंडावरून कोणता शब्द वाचायचा?

2025 च्या उन्हाळ्यात मुलगा आला तेव्हा त्याने हे सारे पाहिले. जाताना तो आपला जुना लॅपटॉप आमच्याकडे ठेवून गेला. “आईला मोठ्या पडद्यावर दिसेल, बाबा,” तो म्हणाला. “घरात इंटरनेटची तार तेवढी घ्या.” लॅपटॉप जुना असल्याने त्यावर विंडोजची नवी आवृत्ती चालेना आणि जुन्या आवृत्तीचा सांभाळ ऑक्टोबर 2025 मध्ये थांबायचा होता, म्हणून त्याने अमेरिकेतून निघण्यापूर्वीच तीवर लिनक्स नावाची, फुकट मिळणारी प्रणाली घातली होती. दसरा झाला आणि काचेच्या धाग्याची ती तार खांबावरून आमच्या छपरीत आली. तारेच्या टोकाला दोन शिंगांचा एक पांढरा डबा बसला. त्याला राऊटर म्हणतात, पण आमच्या गल्लीत त्याचे नाव ‘वायफायचा डबा’ असेच आहे.

आता काम एवढेच उरले होते की लॅपटॉपची आणि डब्याची ओळख करून द्यायची. लॅपटॉपच्या पोटात एक बिनतारी कार्ड असते. टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढी एक हिरवी पट्टी. गंमत अशी की या बिनतारी कार्डाला दोन बारीक तारा असतात! त्या बिजागरीतून वर जातात आणि पडद्याच्या चौकटीत लपून बसतात. तेच त्याचे कान आणि तेच त्याचे तोंड. डबा दर सेकंदाला सुमारे 10 वेळा आपले नाव पुकारीत असतो. कार्डाने ते ऐकायचे, पडद्यावर यादीत मांडायचे, आपण त्या नावावर बोट ठेवायचे आणि परवलीचा शब्द द्यायचा, की झाले. शेजारच्या घरची मुलगी पवनीच्या कॉलेजात विज्ञान शिकते, ती मदतीला आली. तिने लॅपटॉप उघडला, यादी पाहिली आणि म्हणाली, “गुर्जी, आपल्या घरचं नावच नाही जी यात.”

खरोखरच नव्हते. समोरच्या दुकानाचे नाव होते. मागच्या गल्लीतल्या दोन घरांची नावे होती. म्हणजे दोनशे पावलांवरच्या लोकांची हाक कार्डाला ऐकू येत होती, आणि आठ हातांवर, त्याच छपरीत लटकलेल्या आपल्या घरच्या डब्याची हाक तेवढी येत नव्हती. पोरीच्या हातातल्या फोनला मात्र तोच डबा ठणठणीत सापडत होता.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. तेव्हा अशा प्रसंगी काय करायचे हे मला ठाऊक आहे: एकेक शक्यता घ्यायची आणि खोडायची. लॅपटॉपच्या बाजूला बिनतारी बंद करण्याचे एक बटण असते. ते चालूच होते. कार्ड प्रणालीला ओळखू येत नसेल म्हणावे, तर तेही खोटे, कारण ओळखू येत नसते तर समोरच्या दुकानाचे नाव तरी कोठून दिसले असते? भिंतीचा दोष म्हणावा, तर मध्ये भिंतच नव्हती. शेवटी पोरीने एक नामी युक्ती केली. तिने आपल्या फोनचाच तात्पुरता डबा केला. लगेच लॅपटॉपने त्याचे नाव यादीत मांडले. “म्हणजे कार्ड बहिरं नाही, गुर्जी,” ती म्हणाली. “त्याले फक्त आपलीच हाक ऐकू येत नाही.”

हे वाक्य ती सहज बोलून गेली. सौभाग्यवती तिच्या ओठांकडे पाहत समोरच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. उठून चहा टाकायला आत गेल्या.

आता येथे थोडे विज्ञान सांगितले पाहिजे. पण घाबरू नका, मी फळा आणणार नाही. बिनतारी संदेश म्हणजे विद्युतचुंबकीय लहरी. 1895 साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच लहरी भिंतींपलीकडे पाठवून तिकडची घंटा वाजवून दाखवली होती आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली होती. त्यांच्या लहरी काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. आमच्या डब्याच्या लहरी साधारण पाच इंच लांबीच्या. या लहरींसाठी हवेतला जो पट्टा राखलेला आहे, त्याचे पेटीच्या पट्ट्यांसारखे भाग केलेले आहेत. काळी चार, पांढरी पाच असे आपण गाण्याच्या बाबतीत म्हणतो, तसे येथे पहिली पट्टी, सहावी पट्टी, अकरावी पट्टी असे म्हणावे. पहिली पट्टी 2412 मेगाहर्ट्‌झची आणि पुढची प्रत्येक पाच-पाचने वर चढत जाणारी. म्हणजे अकरावी 2462 ची आणि तेरावी 2472 ची.

गायकाची पट्टी आणि पेटीवाल्याची पट्टी जुळली नाही तर मैफिलीचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु येथे निव्वळ न जुळण्याचा प्रश्न नव्हता. त्याच्यामागे कायदा होता. वाऱ्यावर कोणी कोठे बोलायचे याचा हिशेब प्रत्येक देश आपापल्या परीने ठेवतो. आपल्या सरकारने 2005 च्या जानेवारीत या पट्ट्याला परवान्यातून सूट दिली. एके काळी या पट्ट्यालाही परवान्याची अट होती, हे आज कोणाला सांगून खरे वाटणार नाही. आपल्याकडे या सुटीत पहिल्यापासून तेराव्यापर्यंतच्या सगळ्या पट्ट्या येतात. अमेरिकेत मात्र अकराव्यापर्यंतच वापरण्याची रीत आहे. बाराव्या आणि तेराव्या पट्टीवर तिकडची यंत्रे सहसा बोलतही नाहीत आणि कान देतही नाहीत, कारण त्या पट्ट्यांच्या पलीकडची वेस तिकडे फार कडक राखलेली आहे.

पोरीने फोनवर एक तक्ता काढला. कोणाचा डबा कोणत्या पट्टीत बोलतो ते त्यात दिसत होते. दुकान पहिल्या पट्टीत, मागच्या गल्लीतले एक घर सहाव्या आणि एक अकराव्या. आमचा डबा नवा. नवे डबे स्वतःच गर्दी पाहून मोकळी जागा निवडतात. मागून आलेल्या पाहुण्याने जेवणाच्या पंगतीत शेवटचा पाट धरावा, तसा तो थेट तेराव्या पट्टीत जाऊन बसला होता.

“तेरावं?” सौभाग्यवतींनी चहाचे कप खाली ठेवीत विचारले. पोरीचे ओठ त्यांनी वाचले होते. “कोणाचं तेरावं?”

“कोणाचं नाही, आजी,” पोर हसून म्हणाली, “डब्याचं.”

मग तिने लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडली. तीत चित्रे नसतात, नुसत्या ओळी लिहायच्या असतात. मुलाने जाताना काही आज्ञा एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. त्यांतली ‘आय-डब्ल्यू लिस्ट’ ही आज्ञा दिली तेव्हा कार्डाने आपल्या पट्ट्या एकेक करून वाचून दाखवल्या. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत सगळ्या ठीक. बारावीपुढे आणि तेरावीपुढे कंसात ‘बंद’ या अर्थाचा शब्द. मग ‘आय-डब्ल्यू रेग गेट’ असे विचारले; म्हणजे, ‘बाबा रे, तू सध्या कोणत्या देशात आहेस असे समजतोस?’ उत्तर आले: ‘यू एस’.

आम्ही दोघेही क्षणभर त्या दोन अक्षरांकडे पाहत राहिलो. लॅपटॉप पाच महिने आसगावात होता. त्याच्यावर आमच्या चुलीचा धूर बसला होता. श्रावणात त्याच्या पिशवीत मुंग्या झाल्या होत्या. पण त्याच्या मनाने तो अजून अमेरिकेतच होता, आणि तिकडचा कायदा इमानाने पाळीत होता. फोनला असा घोटाळा होत नाही, कारण त्याला टॉवर सतत सांगत असतो की तू भारतात आहेस. लॅपटॉपला कोण सांगणार? त्याने आपला देश ठरवला होता तो आपल्या घड्याळावरून. प्रणाली घालताना मुलाने तिकडची वेळ लावली होती, आणि त्या वेळेवरून प्रणालीने कार्डाला तिकडचा देश नेमून दिला होता. ते घड्याळ पाचही महिने तसेच चालू होते. कोपऱ्यातले ते चार आकडे बदलायला सौभाग्यवतींनीच कोणाला हात लावू दिला नव्हता. दुपारी जेवणे झाली की त्या लॅपटॉप उघडीत, आकडे पाहत आणि म्हणत, “निजला असल आता.” मग लॅपटॉप मिटून ठेवीत. त्या यंत्राचा तेवढाच उपयोग घरात होत होता, आणि तो काही लहान उपयोग नव्हता.

उपाय दोन होते. डब्याला सांगायचे की बाबा, तू अकराव्या पट्टीत ये. किंवा कार्डाला सांगायचे की बाबा, तू भारतात आहेस. दोन्ही बरोबरच. कोठेही नवे लग्न झाले की हाच प्रश्न पडतो: घराने सुनेच्या रीतीने चालायचे की सुनेने घराच्या? आमच्यापुढे मात्र निवड फारशी नव्हती. डब्याच्या आतल्या मांडणीची किल्ली बसवणाऱ्याजवळ होती आणि दिवाळीच्या तोंडावर तो काही फोन उचलत नव्हता. तेव्हा कार्डालाच समजावायचे ठरले. पोरीने ओळ लिहिली: ‘आय-डब्ल्यू रेग सेट आय एन’. आय एन म्हणजे इंडिया. देश बदलायला एवढीच ओळ लागते. पारपत्र नाही, रांग नाही. ही ओळ यंत्र बंद केले की विसरली जाते, म्हणून तिने घड्याळाचा प्रदेशही बदलून कोलकाता केला. आपल्या साऱ्या देशाची वेळ या यंत्रांत कोलकात्याच्या नावावर लिहिलेली असते.

दोन-तीन श्वास गेले असतील. यादी हलली आणि सर्वांत वर आमच्या घराचे नाव आले.

परवलीचा शब्द भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवला होता, तो दिला. येथेही एक मौज आहे. कार्ड आणि डबा दोघांनाही तो शब्द ठाऊक असतो, पण दोघांपैकी कोणीही तो हवेत उच्चारत नाही. मला ठाऊक आहे, एवढेच दोघे एकमेकांना हिशेबाने पटवून देतात. जुन्या मैत्रीतही असेच असते. जे दोघांनाही माहीत आहे ते कोणी बोलून दाखवीत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

या कार्डांची बोलण्याची रीत कळल्यापासून मला त्यांच्याविषयी आदर वाटू लागला आहे. एका पट्टीत अनेक यंत्रे असतात, आणि कोणी कधी बोलावे हे सांगणारा सभापती नसतो. मग प्रत्येक यंत्र आधी कान देते. कोणी बोलत असेल तर गप्प राहते. शांतता झाली तरी लगेच तोंड उघडत नाही; मनाशी एक लहानसा आकडा धरते, तेवढे थांबते आणि मग बोलते. ऐकणाऱ्याकडून ‘पोचले’ अशी पावती आली नाही तर रागावत नाही. आणखी थोडे थांबते आणि पुन्हा सांगते. या रीतीचे मूळ 1971 साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठात सापडते. तेथल्या नॉर्मन अब्रामसन यांनी बेटाबेटांवरच्या यंत्रांना एकाच बिनतारी पट्टीत बोलायला लावले. त्या जाळ्याचे नाव होते ‘अलोहा’. या शब्दाने हवाईतले लोक एकमेकांचे स्वागत करतात. तेव्हा आधी ऐकण्याची अट नव्हती. दोघे एकदम बोलले की दोघांचेही वाया जाई, आणि दोघेही निरनिराळा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करीत. आधी ऐकून मग बोलण्याचे शहाणपण यंत्रांना नंतर सुचले.

आमच्या पिढीत हे शहाणपण वेगळ्या रूपाने होते. नवराबायको एकमेकांचे नाव घेत नसत. हाक मारायची ती “आयकलं का जी?” अशी. मी घाईत असलो की या हाकेचा मला फार राग येई. काही सांगायच्या आधीच ऐकले का म्हणून काय विचारायचे! आता वाटते, त्या हाकेत मोठा विवेक होता. आधी पाहायचे, समोरचा कान देतो आहे का. देत असेल तर मग सांगायचे. अलीकडे सौभाग्यवतींचे कान गेले तशी ही हाक आमच्या घरातून नाहीशी झाली आहे. आता त्या हाक मारीत नाहीत. समोर येऊन उभ्या राहतात आणि माझ्या तोंडाकडे पाहतात.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुलाचा फोन लॅपटॉपवर आला. तिकडे सकाळ होती. पाटावर लक्ष्मी मांडलेली, शेजारी केरसुणी आणि नव्या धानाची ओंबी, आणि तिच्यासमोर स्टुलावर तो लॅपटॉप. पडद्यावर मुलाचा चेहरा उमटला. हातभर लांबून पाहिला तरी स्पष्ट दिसावा एवढा. चित्र थिजले नाही. मी नेहमीच्या सवयीने बोलायला पुढे झालो, तोच सौभाग्यवतींनी हाताने मला मागे सारले. त्या पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. मुलगा काहीतरी बोलत होता. त्या एकटक पाहत होत्या. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“दाढी काढून टाक बापू,” त्या म्हणाल्या. “ओठ दिसत नाही मले.”

दोन वर्षांनंतर आईने मुलाशी फोनवर परभारे बोललेले हे पहिले वाक्य. मुलगा मोठ्याने हसला. ते हसणे त्यांना दिसले, म्हणून त्याही हसल्या. मग नात पडद्यात शिरली. तिचे मराठी बेताचेच. पण तिच्या ओठांवर मिशा नव्हत्या, आणि ती प्रत्येक शब्द तोंड भरून उच्चारीत होती. तिचा वरचा एक दात पडला आहे ही बातमी तिकडे महिन्याची जुनी झाली होती. आमच्या घरात ती त्या दिवशी पोचली. “दात कुठं ठेवला?” आजीने विचारले. नातीने हातवारे करून काहीतरी सांगितले. ते मला मुळीच कळले नाही. दोघींना मात्र कळले. पाऊण तास ते बोलणे चालले. मी जवळ बसून होतो, पण सारांश सांगायला मला कोणी म्हटले नाही. माझी दुभाष्याची नोकरी त्या संध्याकाळी सुटली, आणि कोणतीही नोकरी सुटल्याचा एवढा आनंद मला आजवर झाला नव्हता.

भाऊबीजेला मुलगा पुन्हा पडद्यावर आला तो दाढीमिशा सफाचट करून. पंचवीस वर्षांपूर्वी पवनीच्या बसस्टँडवर त्याला निरोप दिला होता, त्या वेळचा त्याचा चेहरा मला एकदम दिसला. सौभाग्यवतींनी त्याला ओवाळले. तबकातली ज्योत पडद्याच्या काचेत उमटली, आणि त्याच्या चेहऱ्यावर दोन-तीनदा फिरून गेली.

दुपारी लॅपटॉप मोकळा असतो तेव्हा शेजारची पोर येऊन त्यावर अभ्यास करते. तिची आईही ओट्यावर धान पाखडता पाखडता बोलत असते. आमच्या सौभाग्यवती तिच्या तोंडाकडे पाहत असतात. त्या काळ्या खिडकीची भीती पोरीला आता राहिलेली नाही. गल्लीतल्या आणखी दोन घरांत परदेशातून आलेले जुने लॅपटॉप निघाले. कोणाचा डबा दिसत नाही म्हणून निरोप आला की ती पहिला प्रश्न विचारते, “घड्याळात किती वाजले जी त्याच्या?” त्यावरून निम्मे निदान होते.

घड्याळाचे मात्र एक सांगायचे राहिले. देश बदलला तेव्हा कोपऱ्यातले ते चार आकडे साहजिकच बदलले. दुसऱ्या दिवशी दुपारी सौभाग्यवतींनी लॅपटॉप उघडला आणि त्या पोरीवर नाराज झाल्या. “त्याची वेळ कुठं गेली?” पोरीने मग तेथे दोन घड्याळे लावून दिली. एक आमचे आणि एक त्याचे. दोहोंत साडेनऊ तासांचे अंतर होते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास मागे घेतात, तसे ते दुसरे घड्याळ आपोआप तासभर मागे सरकले. सौभाग्यवतींच्या ते लगेच ध्यानात आले. संध्याकाळी सहा वाजता तुळशीपाशी दिवा लावून त्या आत आल्या, त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“आज त्याला तासभर जास्त निजायला भेटलं,” त्या म्हणाल्या.